रात्री कुळागरात उतरणारी मांजर नेमकी कुठे जाते, हे पट्ट्यातल्या यंत्राने कळेल का?

कुळागर_फोंडा

नमस्कार. आमच्या घरी साधारण साडेतीन किलो वजनाची, नसबंदी केलेली एक मांजर आहे. दिवेलागणीच्या सुमारास ती मागच्या दाराने कुळागरात, म्हणजे घरामागच्या माड-पोफळींच्या बागेत उतरते आणि उजाडताना परत येते. अलीकडे सकाळी भात-बांगडा पुढे ठेवला तरी ती नुसता वास घेऊन बाजूला होते. पोट मात्र भरलेले दिसते. वाड्यावरच्या दुसऱ्या कोणत्या तरी घरी तिच्या रात्रीच्या जेवणाची सोय झालेली असावी, असा आमचा कयास आहे. एवढेच असते तर मी विचारले नसते. परंतु खालच्या अंगाच्या माडांवर उंदीर कोवळी फळे पोखरत असल्यामुळे तेथे विषाच्या वड्या ठेवल्या जातात आणि वरच्या अंगाला वाहता रस्ता आहे, त्यामुळे ती कोणत्या दिशेला जाते हे कळणे आम्हांला गरजेचे वाटते.

चौकशी केली तेव्हा तीन प्रकार समोर आले: एअरटॅगसारखे ब्लूटूथचे बिल्ले, सिमकार्ड घालून चालणारे जीपीएसचे पट्टे, आणि नुसती नोंद साठवून ठेवणारे, नंतर संगणकाला जोडून वाचायचे लहान लॉगर. आमच्याकडे मोबाइलची रेंज अंगणात बरी असते, खाली पाटाजवळ ती जवळजवळ नाहीच. झाडी म्हणाल तर माड, पोफळी, फणस आणि त्यांवर चढलेली मिरवेल असे एकावर एक थर आहेत. आमचे घर चिऱ्यांचे आणि कौलारू आहे, शेजारचीही बहुतेक तशीच आहेत. अशा जागी यांपैकी काय चालेल, आणि मांजरीला त्याचा त्रास तर होणार नाही ना, हे जाणकारांनी सांगावे.

सासूबाईंचा या सगळ्याला विरोध आहे. मांजराच्या गळ्यात आपण कधी घंटासुद्धा बांधली नाही, मग यंत्र कशाला, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यांनाही पटेल असे उत्तर मिळाले तर अधिकच बरे.

सर्किटवाला_मडगाव

ताई, यंत्र निवडण्याआधी तुमच्या प्रश्नाचे दोन भाग वेगळे करायला हवेत. मांजर कोणत्या वाटेने फिरते हा एक भाग, आणि ती कोणाच्या घरी जाऊन बसते हा दुसरा. बाजारातली बहुतेक यंत्रे पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा दावा करतात, आणि तुम्ही वर्णन केलेल्या जागी नेमके तेच त्यांना धड जमत नाही.

जीपीएसचे मॉड्यूल स्वतः काहीही प्रसारित करत नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांचे अत्यंत क्षीण संकेत ते ऐकते आणि निदान चार उपग्रहांचे संकेत पोहोचायला लागलेल्या वेळेवरून स्वतःची जागा काढते. मोकळ्या आभाळाखाली या हिशेबातली चूक पाच मीटरांच्या आसपास राहते. ओल्या पानांचे थर मात्र संकेत शोषून घेतात, आणि भिंतीवर किंवा पत्र्यावर आपटून आलेला संकेत लांबच्या वाटेने उशिरा पोहोचत असल्यामुळे सगळा हिशेबच चुकतो. त्यामुळे एका जागी मुटकुळे करून झोपलेले मांजरसुद्धा नकाशावर पाट ओलांडताना, शेजारच्या छपरावरून उड्या मारताना आणि पुन्हा घरी येताना दिसते. जीपीएसच्या जोडीने ग्लोनास, गॅलिलिओ आणि बेईदोऊ या प्रणालींचे उपग्रहही ऐकणारे मॉड्यूल घेतले तर झाडीखाली बराच फरक पडतो. परंतु घराघरांत वीस-पंचवीस मीटरांचेच अंतर असेल, तर मांजर या घरी होती की त्या घरी, हे एवढ्याने ठरवता येणार नाही.

काढलेली जागा तुमच्यापर्यंत पोहोचवणे हे आणखी वेगळे काम आहे. सिमकार्डाच्या पट्ट्याला त्यासाठी रेंज लागते, आणि ती पाटाजवळ नाही असे तुम्हीच लिहिले आहे. शिवाय टूजीचे मॉडेम संदेश पाठवताना क्षणभर दोन अँपियरपर्यंत वीज ओढू शकते आणि रेंज कमी असेल तितका जोर अधिक लावते. मांजराच्या गळ्यात मावणाऱ्या बॅटरीला हे फार होते. स्वस्तातले पट्टे पुष्कळदा केवळ टूजीवर चालतात, आणि जिओकडे टूजी नसल्यामुळे तेथे जिओचे सिम घालून उपयोग होत नाही. परदेशी पट्टे स्वतःच्या सिमसह आणि मासिक वर्गणीसह येतात. ते सिम भारतात चालते की नाही, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्यावे.

एअरटॅगमध्ये जीपीएस नसतोच. तो ब्लूटूथवर आपली ओळख पुकारत राहतो आणि जवळून जाणारा एखादा आयफोन ती ऐकून आपली स्वतःची जागा कळवतो. मध्यरात्री तुमच्या कुळागरातून आयफोन घेऊन कोण जाणार?

म्हणून वाटेसाठी माझे मत लॉगरच्या बाजूने आहे. त्यातही बॅटरीचा हिशेब आधी मांडून पाहावा. जीपीएसचे मॉड्यूल सतत चालू ठेवले तर साधारण २५ ते ३० मिलिअँपियर वीज खाते, म्हणजे १५० मिलिअँपियर-तासांची लहान बॅटरी पाच-सहा तासांत संपते आणि मांजर परत येण्याआधीच नोंद थांबते. म्हणून मॉड्यूल दर पाच मिनिटांनी जागे करून एक नोंद घ्यायची आणि पुन्हा झोपवायचे. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेची माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगतो आणि ती सुमारे चार तास उपयोगी पडते. झोपेतही ती जपून ठेवणारे मॉड्यूल जागे झाल्यावर काही सेकंदांत जागा सांगते, न ठेवणारे प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरुवात करते. खरेदी करताना विचारण्यासारखा प्रश्न हाच आहे. साठ सेकंदांत जागा सापडली नाही तर प्रयत्न सोडून द्यावा, अशी मर्यादाही घालून ठेवावी, नाही तर दाट सावलीत बसलेले मांजर सगळी बॅटरी संपवील.

आणि एक गोष्ट कोणीही टाळू नये. पट्टा मांजरीला बांधण्याआधी लॉगर डब्यात घालून एक रात्र पोफळींखालच्या दगडावर आणि दुसऱ्या रात्री कौलांखाली ठेवा. न हललेल्या यंत्राचे ठिपके नकाशावर जेवढे पसरलेले दिसतील, तेवढी तुमच्या जागेची चूक समजावी. मांजरीच्या नोंदींत त्याहून लहान अशी कोणतीही हालचाल खरी धरू नये.

पशुवैद्य_डिचोली

यंत्राविषयी वर लिहिले गेले आहेच, मी गळ्याविषयी लिहितो. पट्टा, बकल, डबी आणि बॅटरी मिळून वजन मांजराच्या वजनाच्या दोन टक्क्यांच्या आत ठेवावे. साडेतीन किलोला सत्तर ग्रॅम होतात. पण ही वरची मर्यादा आहे, आणि तीस-पस्तीस ग्रॅमांत काम होत असेल तर पुढे जाण्याचे कारण नाही.

बकल ओढ बसल्यावर आपोआप सुटणारेच हवे. मिरवेलीच्या फांदीत किंवा कुंपणाच्या तारेत पट्टा अडकला तर मांजर त्यात लटकून गुदमरू शकते, आणि नुसते इलॅस्टिक लावलेल्या पट्ट्यात पुढचा पाय अडकून काखेत खोल जखमा होतात. असे बकल एखाद्या रात्री सुटून यंत्र हरवू शकते, हे गृहीत धरूनच खर्च करावा. यंत्र महाग आहे म्हणून पक्के बकल लावणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांना माझा स्पष्ट विरोध आहे. पट्टा आणि मान यांच्यामध्ये दोन बोटे जावीत, अधिक नाही. पहिले काही दिवस नुसता पट्टा, मग तेवढ्याच वजनाची रिकामी डबी आणि शेवटी यंत्र, असा क्रम ठेवावा. मांजर सारखी मान खाजवत असेल, मागे-मागे चालत असेल किंवा उडी मारताना कचरत असेल तर प्रयोग तेथेच थांबवावा. पावसात ओला पट्टा रात्रंदिवस गळ्यात राहिला की खालची कातडी खराब होते, म्हणून सकाळी घरी आली की पट्टा काढून ठेवावा. तुमच्या सासूबाईंना हे कदाचित पटेल, कारण यंत्र कायमचे गळ्यात राहणार नाही. काही रात्रींची नोंद मिळाली की त्याचे काम संपले.

अंतराचा अंदाज हवा असेल तर, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सहा देशांतल्या ९२५ पाळीव मांजरांना जीपीएस बांधले होते. त्यांचा वावर सरासरी ३.६ हेक्टरांत निघाला आणि बहुतेकांनी आपला बराचसा वेळ घरापासून शंभर मीटरांच्या आतच काढला होता. नसबंदी झालेली मांजरे तुलनेने कमी फिरतात. ते देश आणि ती घरे वेगळी होती हे खरे. तरीही तुमची मांजर दुसऱ्या गावाला जात असेल असे मला वाटत नाही. ज्या घराचा शोध आहे ते तुमच्या हाकेच्या टप्प्यातले असण्याची शक्यता अधिक आहे.

विषाच्या वड्यांबद्दल तुम्ही ओझरते लिहिले आहे, पण तोच भाग सगळ्यांत महत्त्वाचा आहे. या वड्या बहुधा ब्रोमाडिओलोनच्या असतात. ते विष रक्त गोठण्याची क्रिया थांबवते, आणि लक्षणे लगेच न दिसता तीन ते पाच दिवसांनी दिसू लागतात, तोवर काय खाल्ले हे कोणाच्याही लक्षात नसते. मांजर वडी सहसा खात नाही, वडी खाऊन सुस्त झालेला उंदीर खाते. हिरड्या पांढुरक्या पडणे, धाप लागणे, नाकातून किंवा शौचावाटे रक्त येणे, यांतले काहीही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. विटॅमिन के-१ हा त्यावरचा उतारा आहे, मात्र तो कित्येक आठवडे चालू ठेवावा लागतो.

मांडवीकाठ

इतका खटाटोप करण्याआधी पट्ट्याला एक चिठ्ठी बांधून पाहावी. "ही मांजर आमची आहे. ती रात्री आपल्याकडे जेवत असल्यास कृपया या क्रमांकावर कळवावे." कागद लहान प्लॅस्टिकच्या नळीत गुंडाळून तोंड बंद केले की पावसाचाही प्रश्न राहत नाही, आणि वजन तर काहीच नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठाच्या संशोधकांनी अथेन्स शहरातल्या ५५ मांजरांच्या गळ्यात कॅमेरे बांधले होते, तेव्हा त्यांतली चार मांजरे दुसऱ्याच कुटुंबाकडेही खाऊन-पिऊन राहत असल्याचे चित्रणात आढळले. तेव्हा तुमच्या घरच्यांचा कयास मुळीच चमत्कारिक नाही. चिठ्ठीने घर सापडले तर यंत्राचे पैसे वाचतील.

कांदोळी_बल्काव

एअरटॅगविषयी वर जे लिहिले आहे ते फोंड्याकडच्या कुळागराला लागू पडते, किनाऱ्याला तसेच्या तसे लागू पडत नाही. आमच्या गल्लीत रात्री उशिरापर्यंत माणसांची ये-जा असते आणि त्यांतल्या पुष्कळांच्या खिशात आयफोन असतो, त्यामुळे आमचा बोका कोणत्या खानावळीच्या मागे बसला आहे हे आम्हांला बऱ्यापैकी कळते. बिल्ला ११ ग्रॅमांचा असून त्याच्या नाण्यासारख्या बॅटरीला महिनोन्महिने हात लावावा लागत नाही. अर्थात तो बनवणाऱ्यांनी वस्तूंसाठी बनवला आहे, प्राण्यांसाठी नाही, आणि मोबाइलवर दिसते ती मांजराची आत्ताची जागा नसून कोणाच्या तरी फोनने त्याला शेवटचे ऐकले ती जागा असते, हे लक्षात ठेवूनच त्याचा उपयोग करावा. पर्यटक कमी झाले की आमच्याकडेही नोंदी विरळ होतात.

कुळागर_फोंडा

सर्वांचे आभार. डॉक्टरांचा मजकूर सासूबाईंना वाचून दाखवला. सकाळी पट्टा काढून ठेवण्याच्या अटीवर त्यांनी होकार दिला आहे, आणि चिठ्ठी तर त्यांनी स्वतःच लिहायला घेतली.

सर्किटवाला भाऊ, दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे ती कोणाच्या घरी बसते याचे उत्तर कोणत्या यंत्राने मिळेल ते तुम्ही लिहिले नाही. चिठ्ठी कोणी वाचलीच नाही तर काय करावे? आमच्या पुढच्या-मागच्या चार घरांशी चांगला घरोबा आहे, तेथे काही ठेवायचे असल्यास ते नाही म्हणणार नाहीत. आणि एका नातलगाने लोरा नावाच्या पद्धतीविषयी सांगितले. त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्यात सिम लागत नाही आणि रेंज किलोमीटरांत मिळते. हे कितपत खरे आहे?

सर्किटवाला_मडगाव

घर शोधायचे असेल तर व्यवस्था उलटी करावी. मांजरीला आपली जागा शोधायला न लावता, ती ज्या जागी येईल त्या जागेने तिची नोंद घ्यावी. मांजरीच्या पट्ट्यात ब्लूटूथचा साधा बीकन घालायचा, जो दर सेकंदाला एकदा आपली ओळख पुकारतो. सीआर२०३२ या नाण्यासारख्या बॅटरीवर तो अनेक महिने चालतो आणि बॅटरीसकट वजन दहा-पंधरा ग्रॅमांत बसते. चारही घरांत ऐकणारे एकेक यंत्र ठेवायचे. त्यासाठी पडून असलेले जुने अँड्रॉइड फोन सर्वांत सोयीचे, कारण घड्याळ, साठवण आणि बॅटरी त्यांत आधीपासूनच असते. ब्लूटूथचे बीकन टिपून नोंद ठेवणारी ॲप्स मोफत मिळतात. ब्लूटूथ ऐकू शकणारा इएसपी३२ हा लहान सर्किट बोर्ड स्वस्त पडतो, परंतु वायफाय नसेल तर त्याला वेळ कळत नाही, म्हणून घड्याळाची चिप वेगळी जोडावी लागते. येथे एअरटॅगसारखा बिल्ला चालणार नाही. कोणी कोणावर पाळत ठेवू नये म्हणून तो आपली ओळख ठरावीक वेळाने बदलत राहतो, आणि तुम्हांला तर कायम एकाच नावाने पुकारणारा बीकन हवा आहे.

जीपीएसला नडणाऱ्या चिऱ्याच्या जाड भिंती येथे तुमच्या कामी येतात. ब्लूटूथचा संकेत मोकळ्यावर वीस-तीस मीटर जातो, पण दोन भिंती ओलांडताना तो इतका क्षीण होतो की स्वयंपाकघरात ठेवलेल्या फोनला मांजर त्याच स्वयंपाकघरात किंवा मागच्या पायरीवर असेल तेव्हाच ती ठळकपणे ऐकू येते. संकेताची ताकद उणे आकड्यांत नोंदली जाते. उणे ६० च्या आसपासची नोंद म्हणजे मांजर अगदी जवळ आहे, उणे ९० म्हणजे कोठे तरी बाहेरून गेली. हे आकडे घराघरांत बदलतात, म्हणून पट्टा हातात धरून प्रत्येक घरात एकदा फिरून पाहावे आणि कोणत्या जागी किती आकडा येतो ते लिहून ठेवावे. एकाच घरी रोज रात्री आठ ते नऊ या वेळात ठळक नोंदी मिळाल्या, तर जेवण कोठे होते हे विचारायलाही नको. शेजाऱ्यांना मात्र सगळे आधी नीट सांगावे. फोन तुमच्या मांजरीखेरीज इतर ब्लूटूथ यंत्रेही ऐकतो, त्यामुळे फक्त तुमच्या बीकनचीच नोंद राहील अशी निवड ॲपमध्ये त्यांच्यासमोरच करून द्यावी.

लोराविषयी तुमच्या नातलगाचे म्हणणे खरे आहे, पण ते माळरानावर खरे आहे. लोरा ही अगदी थोडी माहिती, अगदी सावकाश, कमी विजेत दूरवर पाठवण्याची रेडिओ पद्धत आहे. एक अँटेना घराच्या माळ्यावर आणि दुसरी मांजरीच्या गळ्यात, मध्ये उतार, पोफळी आणि पाऊस, अशा मांडणीत किलोमीटरांची भाषा विसरावी. काहीशे मीटर मिळाले तरी तुमचे काम होते, कारण डॉक्टरांनी दिलेल्या अभ्यासाप्रमाणे मांजर तेवढ्यातच असणार. लोराने मांजर कोठे आहे ते त्याच रात्री कळते, सकाळपर्यंत थांबावे लागत नाही, एवढाच लॉगरवरचा फायदा. भारतात या कामासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरी परवान्याविना वापरता येतात. परदेशी संकेतस्थळांवर पुष्कळदा ९१५ मेगाहर्ट्झचे बोर्ड दिसतात, ते अमेरिकेसाठी असतात आणि येथे वापरू नयेत. या लहरींना पाव तरंगलांबीची अँटेना म्हणजे सुमारे साडेआठ सेंटिमीटरांची तार लागते, ती पट्ट्याच्या आतून फिरवता येते. मात्र अंगाला चिकटली की अँटेनाचा जोर उतरतो, म्हणून शक्य तेवढी ती पट्ट्याच्या वरच्या कडेला ठेवावी.

तुमच्या जागी मी असतो तर आधी बीकन आणि चार फोन लावले असते, आणि खालच्या कुळागरात ती उतरते का एवढ्यापुरताच लॉगर वापरला असता. तेथे घराघरांतला फरक कळण्याची गरज नाही, उतार उतरली की नाही एवढेच पाहायचे आहे, आणि ते वीस मीटर चुकणाऱ्या यंत्रालाही सांगता येते.

बागायतदार_साखळी

खालच्या कुळागरात ती उतरते असे निघाले तर त्या मालकाशी बोलताना पुढील गोष्टी उपयोगी पडतील. ब्रोमाडिओलोनच्या ०.००५ टक्के प्रमाणाच्या वड्या माडाच्या शेंड्यात, झावळांच्या बेचक्यात ठेवायच्या असतात. त्या बुंध्याशी टाकण्यात अर्थ नाही, कारण माडावरचा उंदीर खाली क्वचितच येतो आणि जमिनीवरची वडी भलत्याच प्राण्याच्या तोंडी लागते. वड्या ठेवल्यानंतरच्या आठवडाभरात रोज सकाळी बुंध्याखाली पडलेले मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरले तर मांजरीचा धोका पुष्कळ उतरतो. सुट्या माडांना जमिनीपासून दोन मीटरांवर गुळगुळीत पत्र्याचा रुंद पट्टा गुंडाळला की उंदीर वर चढू शकत नाही. परंतु कुळागरात शेंडे एकमेकांना टेकलेले असतात आणि उंदीर पोफळीवरून थेट माडावर येतो, तेथे पत्र्याचा उपयोग होत नाही आणि लोक वड्यांकडे वळतात. वड्या कोणत्या आठवड्यात ठेवणार, एवढे जरी त्यांनी आधी कळवले, तरी तेवढ्या रात्री मांजर घरात कोंडून ठेवता येईल. आमच्याकडे आम्ही हेच करतो. पहिल्या रात्री ती दार ओरबाडते, पुढे ताटलीत तारले ठेवले की गप्प बसते.